गप्प पडलेला आधी

"काय घडशी, मुहूर्त कधीचा?" मी विचारलं.

धोंडिराम घडशी पलटणीच्या लंगरात, स्वैपाकाच्या चुलीपाशी उकिडवा बसून मगातला चहा फुंकत होता. वर न बघताच म्हणाला, "वेळ हाय अजून पाटील. नवरदेवाची दाढी व्हायचीय."

माझ्या तुकडीतला रघू शेडगे खो खो हसला, कारण मुहूर्त म्हणजे चढाईचा, आणि दाढी माझीच वाढली होती. मीही हसलो, पण जरा ओढूनताणून. घडशानं, म्हणजे वाजंत्र्यानं, पाटलाची टोपी उडवावी हे मला रुचायचं नाही. खोटं कशाला बोलू? पलटणीत सगळे एका पंगतीला जेवायचो, तरी माझ्या मनातली पंगत वेगळीच होती. घर माण तालुक्यातलं. जमीन सगळी कुसळाची, पण मिशीला पीळ मात्र बागाईतदाराचा. वय बावीस. त्या वयात माणूस रिकाम्या पोत्यालाही गाठ मारून ठेवतो.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. सरहद्द ओलांडून आम्ही पूर्व पाकिस्तानात दहा-बारा मैल आत आलो होतो. जिकडं बघावं तिकडं पाणी, भाताची रानं आणि कळकाची बेटं. आमच्याकडं विहिरीत पोहरा टाकला की तळाचा खडखडाट ऐकू येतो, आणि इथं खड्डा खणला की तासात पाणी! रघू म्हणायचा, "हैबती, लढाई संपली की ह्यातलं एक तळं उचलून गावाकडं न्यायचं."

धोंडिराम आमच्या पलटणीच्या बँडातला. शांततेच्या दिवसांत बँडवाले वाजवतात. लढाई लागली की वाद्यं पेटीत जातात आणि त्यांच्या हाती स्ट्रेचर येतं. पडलेल्या जवानाला रानातनं उचलून आणायचं हे त्यांचं काम. धोंडिराम बॅगपाइप वाजवायचा. त्याचा बाप कराडच्या बाजूला एका वाडीत भैरोबाच्या देवळात सनई वाजवायचा, आणि धोंडीही लहानपणापासून बापाच्या शेजारी बसलेला. त्यामुळं तो पाइपला 'पिशवीची सनई' म्हणायचा. अंगानं काटकुळा, पण छातीचा भाता लोहाराचा.

"धोंडी, एक सांग," रघूनं विचारलं. "आम्ही समजा चौघं पडलो. तू एकटा. मग आधी कुणाला उचलणार? पाटलाला का?"

"तितं पाटील न्हाई आन कुळवाडी न्हाई," धोंडिराम म्हणाला. "आमच्या बँड हवालदारानं शिकवून ठिवलंय. वरडतोय त्याला मागनं आणायचा. वरडाय येतंय म्हंजे अंगात दम हाय. गप्प पडलाय त्याला आधी उचलायचा. त्याच्यापाशी वेळ नसतो."

"मेलो मग मी!" रघू म्हणाला. "मला बाभळीचा काटा मोडला तरी आमची म्हैस दावं तोडून पळती, एवढा वरडतो मी."

"आम्ही काटकर ओरडत नसतो," मी म्हटलं.

"बरं बरं," धोंडिराम म्हणाला आणि उरलेला चहा चुलीच्या कडेला ओतून उठला.

हे बोलणं झालं ती दुपार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चालून गेलो.

धुकं असं होतं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. पुढं भाताचं रान, कापणी झालेलं, नुसती धसकटं. रानापलीकडं वीटभट्टी आणि भट्टीत त्यांची मशीनगन. सुभेदार बर्गे साहेबांचा बेत साधा होता. धुकं आहे तोवर रान ओलांडायचं आणि भट्टीवर तुटून पडायचं. आम्ही कमरेएवढा बांध ओलांडला आणि धसकटं तुडवत निघालो. अर्ध्या रानात गेलो असू, तोच कुणाच्या तरी पायानं तार ओढली गेली आणि तिला बांधलेले रिकामे डबे खडखडले.

मशीनगन सुरू झाली. धुक्यात तिला काही दिसत नव्हतं. पण आंधळ्यानं काठी फिरवली तरी लागायची त्याला लागतेच. माझ्या डाव्या पोटरीत तापलेली सळई घुसल्यासारखं झालं आणि मी तोंडावर पडलो. डावीकडं आमचे हवालदार सर्जेराव माने पडलेले दिसले. ते पडले ते पडलेच, हालचाल नाही. आणि पुढं, तीस-चाळीस पावलांवर, रघू.

"आयोऽ! मेलो रं मेलो! पाय गेला माजा!"

मागनं सुभेदार साहेबांची शिट्टी वाजली. परत फिरायचा हुकूम. बाकीची माणसं बांधामागं पोचली. रानात आम्ही तिघं राहिलो. बांध दीडशे पावलांवर असेल. पण त्या वेळी दीडशे पावलं म्हणजे मला सातारा ते पुणे वाटलं. गोळ्या धसकटांवरनं सप् सप् जात होत्या. मी गाल चिखलात खुपसून पडून होतो.

धुकं होतं तोवरच काय ते होणार होतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. ऊन वर आलं की रान उघडं पडणार. मग भट्टीतला माणूस आम्हाला एकेक करून टिपणार, आणि आणायला येणाऱ्यालाही. बाकीचे बँडवाले आदल्या दिवशीचे जखमी घेऊन मागं गेले होते, ते अजून परतले नव्हते. कंपनीजवळ धोंडिराम एकटाच होता.

थोड्या वेळानं मला सरपटण्याचा आवाज आला. कुणीतरी दबक्या आवाजात नावं घेत होतं.

"मानेसाब? काटकर? काटकर, कुटं हाय रं?"

मी ओ दिली नाही.

आवाज जवळ आला. "काटकर!"

मी दातांत कॉलर धरली होती. डोळे मिटून पडलो होतो. पुढं रघूचा घसा फुटत होता. "धोंडीऽ! हितं हाय मी! अरं मला ने रं आदी!"

धोंडिरामचा हात माझ्या डोक्याला लागला. त्यानं मला उताणं केलं. डोक्यापासनं खाली चाचपत गेला, छाती, पोट, मांड्या, पोटरी. मग काहीतरी बोलला. काय बोलला ते मागनं सांगतो. मग त्यानं माझ्या पोटरीला पट्टी आवळली, मला पाठीवर घेतलं आणि हातागुडघ्यांवर रांगत निघाला. मी त्याच्या गळ्याला मिठी मारून होतो, लहान पोर बापाच्या पाठीवर घोडा घोडा करतं तसा. त्याच्या मानेचा घाम माझ्या तोंडाला लागत होता. वाजंत्र्याचा घाम! त्या वेळी काही विटाळ वाटला नाही बरं का.

बांधामागं त्यानं मला उतरवलं तेव्हा सुभेदार साहेब धावत आले. "कसा आहे काटकर?"

"पोटरी फुटलीया साहेब," धोंडिराम धापा टाकत म्हणाला. "पर पठ्ठ्यानं हूं की चूं केलं न्हाई."

"शाब्बास रे वाघा!" साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

धोंडिराम माझ्याकडं न बघता परत फिरला आणि धुक्यात शिरला.

सर्जेराव माने अंगानं दांडगे. छातीत गोळी, शुद्ध नाही. त्यांना आणायला त्याला फार वेळ लागला. धुक्यातनं तो बाहेर आला तेव्हा त्याला धुक्यातनं आला म्हणायची सोय राहिली नव्हती. धुकं दुधावरची साय फुंकावी तसं बाजूला होत होतं. शेवटच्या वीस पावलांत मशीनगननं त्या दोघांना हेरलं. माती उडाली, पण दोघं बांधाअलीकडं पडले. मानेसाहेबांना तसंच मागं पाठवलं.

मग ऊन पडलं. भट्टी लख्ख दिसायला लागली, तिची भोकं दिसायला लागली. रान पानावर वाढल्यासारखं उघडं पडलं, आणि त्या रानात मधोमध रघू. एक पाय मुडपलेला, दुसरा कसातरीच पडलेला. तो अजून ओरडत होता, पण आवाज बसला होता.

"घडशी, बास," सुभेदार साहेब म्हणाले. "आता नाही जायचं. तोफखान्याला सांगितलंय, ते भट्टीवर मारा करतील. तासाभरात होईल. तेवढं थांबू."

"व्हय साहेब," धोंडिराम म्हणाला आणि बांधाला टेकून बसला. त्यानं पाणी मागितलं. मी माझी बाटली पुढं केली. तो घोटभर प्याला, तोंड पुसलं, आणि कान रानाकडं लावून बसला. सनईवाले सूर लावण्याआधी मान कलती करून ऐकतात ना, तसा.

"आये... आये गं..." रघूचा आवाज येत होता. मग दोन आवाजांच्या मधली जागा वाढायला लागली. मग एकदा नुसतं "आ" आलं. मग काहीच आलं नाही.

धोंडिराम उठला. "साहेब, त्यो गप्प झाला."

"घडशी, बस खाली."

"गप्प झाला साहेब. आता थांबून चालायचं न्हाई."

साहेब त्याचा पट्टा धरायला गेले, पण तो बांधावरनं पलीकडं उतरलाही होता. साहेब ओरडले, "कव्हर द्या त्याला! मारा भट्टीवर!" आमच्या सगळ्या रायफली एकदम सुरू झाल्या. मीसुद्धा बांधाला छाती लावून झाडत होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो पळत गेला, पालथा पडला, सरपटला, पुन्हा पळाला. रघूला त्यानं पालथं करून बरसातीवर, मेणकापडाच्या रेनकोटावर, घेतलं आणि बरसातीचं टोक मनगटाला गुंडाळून ओढायला लागला. बैल चिखलात रुतलेली गाडी ओढतो तसा पुढं वाकून. एकदा पडला. आम्हाला वाटलं संपलं. पुन्हा उठला.

बांधापाशी आल्यावर त्यानं रघूला खालनं ढकलून वर दिलं. दोघांनी रघूला आत ओढलं. मग धोंडिरामनं स्वतःचा पाय बांधावर टाकला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत गोळ्या बसल्या.

तो अलीकडंच पडला, माझ्यापासनं दहा हातांवर. मी सरपटत गेलो. त्याचं तोंड मातीत होतं. मी त्याला वळवला. तो म्हणाला, "रघ्याचा पाय... वरच्या अंगाला बांदा. खाली न्हाई, वरच्या अंगाला." एवढंच. मोठं काही बोलला नाही. नंतर सांगणाऱ्यांनी त्याच्या तोंडी देशाचं नाव घातलं, भैरोबाचं नाव घातलं. मी तिथं होतो. तो पाय वरच्या अंगाला बांधा म्हणाला आणि गेला.

भट्टी आम्ही दुपारी घेतली. मी नव्हतो, मला मागं नेलं होतं.

इस्पितळात माझा फार बोलबाला झाला. काटकर! तोच तो, पोटरी फुटली तरी हूं की चूं केलं नाही! कर्नल साहेब खाटेपाशी आले, पाठ थोपटून गेले. नर्सबाई नव्या पोरांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायची, "बघा, याला म्हणतात सहन करणं." रघू चार खाटा सोडून पडला होता. मांडीपासनं खाली पाय नव्हता. डॉक्टर माझ्यासमोरच दुसऱ्या डॉक्टरला म्हणाले, "फार रक्त गेलं. तासभर आधी आला असता तर पाय वाचला असता."

मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

मार्चमध्ये रजा मिळाली. मी घरी गेलो नाही, आधी धोंडिरामच्या वाडीला गेलो. काठी टेकत चढ चढलो. घर देवळाच्या मागच्या बाजूला. दोन खणांचं, अंगण सारवलेलं. बाप रामजी घडशी ओसरीवर बसला होता. सत्तरी गाठलेली, डोळ्यांत फूल पडलेलं. आत उंबऱ्याशी धोंडिरामची बायको अनसा उभी होती. विशी नुकतीच ओलांडलेली असेल.

"मी काटकर," मी म्हटलं. "पलटणीतला. धोंडिरामनं मला..."

"पाठीवर आनलं त्ये तुमी व्हय?" म्हातारा उठायला लागला. "या या पाटील. बसा. अनसे, पाटलास्नी पानी दे. सुबेदारसायबांचं पत्र आलंया. तुमचं नाव हाय त्यात. मास्तरांनी वाचून दावलं."

घोंगडं अंथरलं. भाकरी आली, वांग्याचं कालवण आलं. म्हातारा म्हणाला, "आता सांगा. काई न्हाई दडवायचं. कसा गेला त्यो?"

मी सांगितलं. धुकं, मशीनगन, त्याच्या तीन खेपा, शेवटी रघू. म्हातारा मान हलवत ऐकत होता. मध्ये मध्ये "हां", "असं व्हय", म्हणत होता. "तुमच्या तोंडातनं येक सबूद न्हाई निगाला म्हनं," तो म्हणाला. "पत्रात लिवलंय."

मी ताट बाजूला सारलं.

"तात्या," मी म्हटलं, "पत्र खोटं आहे."

आणि मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या ओसरीवर सांगितलं. मी का गप्प होतो ते. गप्प पडलेल्याला आधी उचलतात, हे मला धोंडिरामनंच सांगितलं होतं. तो नाव घेत आला तेव्हा मी ऐकलं. माझा पाय हलत होता, मला सरपटता येत होतं, धुक्यात मी एकटा बांधापर्यंत गेलो असतो. पण भीतीनं माझं पाणी पाणी झालं होतं. ओ दिली असती तर तो म्हणाला असता, तू ये सरपटत, आणि पुढं गेला असता. म्हणून मी मेल्यासारखा पडून राहिलो. रघू ओरडत होता तरी पडून राहिलो.

"त्यानं मला चाचपलं," मी म्हटलं. "पोटरीला हात लागला तेव्हा थांबला. मी डोळे उघडले. तो माझ्याकडं बघत होता. म्हणाला, 'एवढंच, काटकर?' मी काही बोललो नाही. त्यानं एकदा रघूच्या दिशेला बघितलं. मग म्हणाला, 'धर गळ्याला.' मी रस्त्यात म्हणालो, धोंडी, मी... तर म्हणाला, 'आता गप्पच राहा.' आणि बांधाशी येऊन साहेबांना ते सांगितलं. हूं की चूं केलं नाही म्हणून. माझी अब्रू त्यानं झाकली, तात्या. मी त्याची धुक्यातली खेप खाल्ली. ती रघूची होती. मी नसतो तर दोन खेपा धुक्यातच झाल्या असत्या आणि तो आज..."

मी रडलो. पाटील, बावीस वर्षांचा, वाजंत्र्याच्या ओसरीवर पोरासारखा हमसून रडलो.

उंबऱ्याकडनं आवाज आला. अनसानं पदर कपाळावर ओढला होता.

"त्यास्नी कळलं हुतं?" तिनं विचारलं. "तुमी सोंग घेतलंया, ह्ये कळलं हुतं?"

"होय."

"आन तरी उचललं?"

"होय."

ती म्हणाली, "मग फसलं न्हाईत त्ये." आणि आत गेली. आत ती रडत होती ते ऐकू येत होतं, पण बाहेर असताना तिच्या आवाजात रडं नव्हतं.

"खरं हाय," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, तू सांगणार की माज्या पोराला फसवलं. फसून मेला असता तर तुला आत्ता ह्या पायऱ्या उतराय लावल्या असत्या, पाटील असशील तुज्या घरी." तो पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होता. "पर त्यानं बघितलं. वळखलं. आन मग उचललं. आमच्या धंद्यात येकदा सनई तोंडाला लावली की कोन ऐकाय बसलंय ह्ये बघत न्हाईत. त्ये त्याचं त्यानं केलं. त्यातलं तुजं काई न्हाई, तू वाटा मागू नगंस."

मी डोळे पुसले. मला वाटलं सुटलो.

"पर माज्याकडं कशापायी आलास?" तो म्हणाला. "माजा गेला त्यो त्याच्या मर्जीनं गेला. त्या रघूला कुनी इचारलं हुतं? त्याचा पाय गेला त्यो तुज्या मर्जीनं. त्याच्याकडं जा."

मी गेलो. त्याच रजेत गेलो, कारण महिनाभर थांबलो असतो तर कधीच गेलो नसतो, हे मला माझ्याबद्दल तोवर कळलं होतं. रघू पुण्याला होता, नवा पाय बसवायला. वॉर्डाच्या मागं निंबाखाली बाकड्यावर बसला होता. मला बघून त्याला कोण आनंद झाला! "आला रं आला, मुका वाघ आला!" शेजारच्या दोघांना म्हणाला, "ह्योच तो, हूं की चूं न केलेला."

मी त्याला सगळं सांगितलं. उभ्यानंच. बसायचा धीर झाला नाही.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कुबडी उचलली आणि मला फेकून मारली. खांद्याला लागली. "मुडद्या!" तो ओरडला. "म्या आई आई करत हुतो रं! तुला ऐकू येत हुतं! चाळीस पावलांवर हुतास तू!" वॉर्डातली माणसं धावत आली. रघू दोन्ही हातांनी मांडी धरून ओरडत होता, "जा! तोंड दावू नगंस!" मी कुबडी त्याच्या बाकड्याला टेकून ठेवली आणि आलो.

पाच वर्षं त्यानं तोंड बघितलं नाही माझं. पत्राला उत्तर नाही. मग माझ्या थोरल्या पोराच्या बारशाला, न बोलावता, लाकडी पायानं खट् खट् करत दारात येऊन उभा. मी काही बोलायच्या आत आत शिरला, पोराला मांडीवर घेतलं. गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, लढाईचं सांगा. आणि रघू सांगायला लागला. धोंडिरामच्या तीन खेपा त्यानं अशा सांगितल्या की बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. आणि माझ्यावर आला तेव्हा म्हणाला, "आन ह्यो हैबती. पोटरी फुटली, पर पठ्ठ्यानं हूं की चूं केलं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी मान खाली.

जेवणं झाल्यावर मी त्याला गोठ्यामागं गाठला. "रघ्या, हे काय? तुला माहीत आहे ना खरं?"

"म्हाइत हाय."

"मग?"

"धोंडीनं सुबेदाराला जे सांगितलं त्येच म्या सांगतो. त्यानं मरस्तवर झाकून ठिवलं, म्या कोन उघडनार?" मग त्यानं विडी पेटवली. दोन झुरके मारले. "आन तुला ऐकाय लागतंय न्हवं? ऐक. जलमभर ऐक."

आणि जन्मभर ऐकलं मी. लग्नात, जत्रेत, पंधरा ऑगस्टला शाळेत, माजी सैनिकांच्या मेळाव्यात. चाळीस वर्षांत त्यानं ती गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. 'हूं की चूं' आलं की थांबायचा, माझ्याकडं बघायचा, आणि मग पुढं जायचा. राग होता का त्यात? पहिल्यांदा होता. पुढं पुढं मला वाटतं राहिला नसावा. माझ्या पोरीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी दारात उभा राहून पाव्हण्यांना हात जोडणारा तो होता. माझी बायको गेली तेव्हा तीन दिवस माझ्याजवळ झोपायला आलेला तो होता. पण गोष्ट त्यानं कधी बदलली नाही, आणि मी कधी लोकांत तोंड उघडलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात रघू गेला. झोपेतच गेला, ओरडला नाही. त्याच्या दहाव्याला मी नदीच्या घाटावर उभा होतो. सगळं आटोपल्यावर सरपंच म्हणाले, "काटकर आण्णा, तुम्ही दोघं लढाईतले सोबती. दोन शब्द बोला."

मला वाटलं, आता नाही तर कधी. धोंडी गेला, मानेसाहेब गेले, बर्गेसाहेब गेले, रघूही गेला. झाकणारा कुणी राहिला नाही, उघडायला हरकत नाही. मी सगळं सांगितलं. ओ दिली नाही ते सांगितलं, 'एवढंच, काटकर?' ते सांगितलं, रघूचा पाय कुणामुळं गेला ते सांगितलं. मी काही गाळलं नाही.

मग सरपंचांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बघा मंडळी. असली माणसं आता राहिली न्हाईत. मित्राचं मोठेपण सांगायला स्वतःकडं केवढा कमीपणा घेतला आण्णांनी!"

"अहो, नाही!" मी म्हटलं. "खरंच सांगतोय मी. मी भ्यालो होतो."

"तेच तर!" मागनं एक मास्तर म्हणाले. "खरा शूर असंच म्हणतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रघूची नात पुढं आली आणि माझ्या पाया पडली. मी दोन वेळा पुन्हा तोंड उघडलं, पण लोक चपला शोधायला लागले होते, कुणी मला हाताला धरून घाटाच्या पायऱ्या चढवत होतं आणि सांगत होतं, जपून आण्णा, तुमचा तो पाय.

आता गावात माझी कीर्ती आधीपेक्षा वाढली आहे. म्हणून पोराकडनं वही मागून घेतली आणि हे सगळं लिहून काढलं. तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही तरी खरं माना.